संगणक प्रणाली प्रशासक

संगणक प्रणाली प्रशासक : एखाद्या संस्थेतील संगणक, त्यांना परस्परांशी जोडणारे जालक, त्यांवर चालणाऱ्या सामाईक आज्ञावल्या आणि त्यांत साठविलेली माहिती अखंड उपलब्ध व सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे असते, असा तंत्रज्ञ. व्यवहारात त्याला ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ किंवा नुसते ‘अ‍ॅडमिन’ असे म्हणतात. आज्ञावली लिहिणारा तज्ञ व यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ या दोहोंपेक्षा त्याचे काम वेगळे आहे. पहिल्याचे काम आज्ञावली लिहून झाली की संपते व दुसऱ्याचे यंत्र बिघडल्यावर सुरू होते. प्रशासकाचे काम या दोन घटनांमधील दीर्घ काळात, म्हणजे वरवर पाहता सर्व काही सुरळीत चालू असताना, चालते. ते चांगले होत असेल तर कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यात चूक झाली, तर मात्र ती संस्थेतील प्रत्येकाला त्याच क्षणी कळते.

अधिकाराचे स्वरूप : अनेकांनी मिळून वापरावयाच्या प्रणालीत प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते व त्या खात्याला ठराविक अधिकार दिलेले असतात. कारखान्यातील हिशेबनीसाला वेतनपत्रके पाहता येतात, भांडारपालाला ती पाहता येत नाहीत. ही बंधने घालणारे व बदलणारे एखादे खाते प्रत्येक प्रणालीत असावेच लागते. युनिक्स व तिच्या धर्तीवरील प्रणालींमध्ये त्याला ‘रूट’ म्हणतात व त्याचा अंतर्गत क्रमांक शून्य असतो. विंडोज या प्रणालीत त्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असे नाव आहे. इतरांना लागू असणारी बंधने या खात्याला लागू नसतात. मजकूर सांकेतिक रूपात साठविलेला असून त्याची किल्ली दुसऱ्याच कोणाकडे असेल तर गोष्ट वेगळी. एरवी संचालकाचा पत्रव्यवहार, सहकाऱ्याची रजेची कारणे, लेखापरीक्षकाचा अप्रकाशित अहवाल यांपैकी काहीही प्रशासकाला उघडता येते, बदलता येते किंवा कायमचे पुसून टाकता येते. वाड्याच्या सर्व किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत, पण वाड्यातील एकही खोली ज्याची नाही, अशा कारभाऱ्यासारखी त्याची स्थिती असते. जे करता येते आणि जे करण्याचा हक्क आहे, यांतील हे अंतर हाच या व्यवसायातील बहुतेक पेचप्रसंगांचा उगम होय.

इतिहास : प्रारंभीचे संगणक एका वेळी एकाच व्यक्तीचे काम करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा छिद्रित पत्रांचा गठ्ठा संगणक कक्षात द्यावयाचा व मुद्रित उत्तर नंतर घेऊन जावयाचे, अशीच सर्वत्र रीत होती. यंत्र चालविणारा कर्मचारी पत्रे भरी, चुंबकीय फिती बदली व पाळीची नोंद ठेवी. त्याच्या हाती यंत्र होते, परंतु इतरांच्या माहितीवर त्याची म्हणावी अशी सत्ता नव्हती.

ही परिस्थिती कालविभागणीच्या पद्धतीमुळे बदलली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये करण्यात आले. तीत अनेक जण एकाच वेळी एकच संगणक वापरू शकत व प्रत्येकाला परवलीचा शब्द दिलेला असे. त्याबरोबर हे शब्द सांभाळणारा माणूसही आवश्यक झाला. १९६६ मध्ये या प्रणालीत घडलेला एक प्रसंग बोधप्रद आहे. दोन कर्मचारी एकाच वेळी दोन निरनिराळ्या संचिका दुरुस्त करीत होते. एक रोजच्या स्वागतसंदेशाची होती व दुसरी परवलीच्या शब्दांची. दुरुस्ती करणारी आज्ञावली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती संचिका वापरीत असल्यामुळे दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली व त्यानंतर संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला स्वागतसंदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. दोन्ही कर्मचारी आपापले काम नेटकेपणाने करीत होते. पुढील काळातील अनेक मोठ्या बिघाडांची जातकुळी हीच आहे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची सुरुवात केली. तीत प्रशासकाचे खाते आणि इतर सर्वांची खाती यांतील सीमारेषा अगदी सुस्पष्ट करण्यात आली. विद्यापीठांतून युनिक्सचा प्रसार झाला, तेव्हा हे खाते पुष्कळदा एखाद्या संशोधन साहाय्यकाकडे किंवा हौशी विद्यार्थ्याकडे येई. स्वतंत्र व्यवसाय म्हणून या कामाला ओळख मिळाली, ती १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात. यूझनिक्स या संघटनेने १९८७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांच्या प्रशासकांची पहिली कार्यशाळा भरविली. पुढल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेली स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली इंटरनेटवर फैलावली. ‘वर्म’ म्हणजे कृमी या नावाने ती ओळखली जाते. त्या वेळी जोडलेल्या सु. ६०,००० संगणकांपैकी सु. ६,००० संगणक तिने ग्रासले, असा अंदाज करण्यात आला. पत्रव्यवहाराच्या आज्ञावलीतील दोष, तसेच लोकांनी निवडलेले सोपे परवलीचे शब्द यांचा तिने उपयोग करून घेतला होता; असे ४३२ शब्द तिच्यातच साठविलेले होते. निरनिराळ्या विद्यापीठांतील प्रशासकांनी रात्रभर जागून तिचे पृथक्करण केले व उपाय एकमेकांना कळविले. परंतु अनेकांनी संसर्गाच्या भीतीने आपापली जोडणी तोडली होती व त्यामुळे उपायही त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत. या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीच्या प्रसंगी साहाय्य करणारे ‘सर्ट’ हे पहिले केंद्र स्थापन झाले.

दैनंदिन काम : नवीन कर्मचाऱ्याला खाते देणे, बदली झालेल्याचे अधिकार बदलणे, निवृत्ताचे खाते बंद करणे, साठवणीच्या तबकड्या भरत आल्या आहेत काय हे पाहणे, उत्पादकाकडून येणाऱ्या दुरुस्त्या बसविणे, जालकावरील असाधारण हालचाल हेरणे, प्रणाली स्वतःहून लिहीत असलेल्या घटनांच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, वाचणे व जपणे हे या कामाचे नित्याचे भाग होत. यांखेरीज मुद्रक चालत नाही, परवलीचा शब्द विसरला, पडदा काळा झाला अशा तक्रारींचा ओघ दिवसभर चालू असतो. लहान संस्थेत हे सर्व एकच माणूस करतो. मोठ्या संस्थेत माहितीसाठा, जालक, सुरक्षा, पत्रव्यवहार असे विभाग पडतात व प्रत्येकाला स्वतंत्र प्रशासक असतो.

या कामाचे वेळापत्रक इतरांच्या उलट असते. प्रणाली बंद ठेवून करावयाची कामे कार्यालय बंद असतानाच करावी लागतात; त्यामुळे रविवार, दिवाळीची सुटी व मध्यरात्रीनंतरचे तास हे प्रशासकाचे ऐन कामाचे दिवस ठरतात. अनेक ठिकाणी आठवड्याच्या पाळीने एकेक जण रात्री दूरध्वनीवर उपलब्ध राहतो. हल्लेखोरांनाही हे वेळापत्रक ठाऊक असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका सहकारी बँकेच्या प्रणालीत शिरून सु. ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. त्याची सुरुवात ११ ऑगस्टला, शनिवारी झाली व थोड्याच तासांत अनेक देशांतील रोकड यंत्रांतून पैसे काढले गेले.

विद्युत् पुरवठा हाही त्याच्याच काळजीचा विषय असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशातील बहुतेक भागाची वीज गेली. अशा वेळी विद्युत् घटमाला काही मिनिटेच भार पेलते व तेवढ्या अवधीत डीझेल जनित्र सुरू व्हावे लागते. जनित्र दर महिन्याला चालवून पाहिलेले असेल, तरच त्याच्यावर भिस्त ठेवता येते.

राखीव प्रती : माहितीच्या राखीव प्रती काढून ठेवणे हे प्रशासकाचे सर्वांत जुने व सर्वांत कंटाळवाणे कर्तव्य आहे. किमान तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा सर्वसाधारण संकेत आहे. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या आज्ञावल्यांचा सुळसुळाट झाल्यापासून एक प्रत जालकापासून पूर्णपणे तोडलेली असावी, अशी भर त्यात पडली आहे. मात्र प्रत काढणे व तिच्यावरून माहिती परत मिळविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनुभव असा, की दुसरी फार थोड्या ठिकाणी करून पाहिली जाते.

याचे सुप्रसिद्ध उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी घडले. गिटलॅब या आज्ञावली-साठवण सेवेचा एक अभियंता रात्री उशिरापर्यंत दोन माहितीसाठ्यांमधील बिघडलेला मेळ दुरुस्त करीत होता. दुय्यम सर्व्हरवर द्यावयाची पुसण्याची आज्ञा त्याने मुख्य सर्व्हरवर दिली. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबविली, तोवर सु. ३०० गिगाबाइट माहितीपैकी केवळ ४·५ गिगाबाइट उरली होती. राखीव प्रतींची पाहणी करता निरनिराळ्या पद्धतींपैकी एकही भरवशाची नाही, असे आढळले. रोज निघणारी प्रत आज्ञावलीच्या आवृत्तीतील फरकामुळे प्रत्यक्षात निघतच नव्हती. तसे कळविणारी पत्रेही पत्रव्यवहाराच्या सुरक्षा नियमांमुळे नाकारली जात होती. अखेर सु. सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने अन्य कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत उपयोगी पडली. कंपनीने सर्व हकीकत, दुरुस्ती चालू असतानाच, लोकांसमोर मांडली व अहवालात अभियंत्याचे नाव दिले नाही. चुकणाऱ्याला शिक्षा केली, तर पुढची चूक लपविली जाते. म्हणून दोष व्यक्तीत न शोधता पद्धतीत शोधावा, हा विचार या क्षेत्रात आता बराच रुजला आहे. तथापि तो मोठ्या कंपन्यांत जेवढा रुजला, तेवढा सामान्य कार्यालयांत रुजलेला नाही. तेथे रात्री दोन वाजता चुकीची आज्ञा दिलेल्या एकट्या माणसाला, सकाळी काय सांगावयाचे, हे अजूनही आपले आपणच ठरवावे लागते.

पेचप्रसंग : या व्यवसायातील पेच क्वचितच तांत्रिक असतात. त्यांतील सर्वांत नेहमीचा म्हणजे वरिष्ठाने एखाद्या कर्मचाऱ्याची पत्रपेटी उघडावयास सांगणे. कारण पुष्कळदा रास्त असते, उदा., कर्मचारी अचानक आजारी पडला व ग्राहकाचे महत्त्वाचे पत्र त्याच्याकडे अडकले. कारण तसे नसण्याचाही संभव असतो. प्रशासक सेवक असल्याने नकार देणे त्याला सोपे नसते आणि आज्ञा पाळली, तर संस्थेतील प्रत्येकाचा त्याच्यावरील विश्वास पणाला लागतो. अनुभवी प्रशासक अशा वेळी नकारही देत नाहीत व लगेच होकारही देत नाहीत. ते आदेश लेखी मागतात. तोंडी सहज दिली जाणारी आज्ञा कागदावर उतरविण्याची वेळ आली, की बऱ्याच वेळा मागे घेतली जाते. आदेश कोणी द्यावा, पेटी कोणाच्या उपस्थितीत उघडावी, केवळ कोणत्या विषयाची पत्रे पाहावीत व कर्मचाऱ्याला ते केव्हा कळवावे, याचे नियम आधीच ठरलेले असणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

न शोधता समोर येणाऱ्या माहितीचा प्रश्न याहून बिकट आहे. भरलेली तबकडी रिकामी करताना संचिकांची नावे दिसतात, अडकलेले पत्र मोकळे करताना त्यातील ओळी वाचल्या जातात. प्रशासकांच्या व्यवसायसंघटनांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार खाजगी माहिती तांत्रिक कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेव्हाच पाहावयाची असते व ती कोणत्याही मार्गाने कळली, तरी गुप्त ठेवावयाची असते. पण समोर आलेली गोष्ट अफरातफरीची किंवा कोणाच्या जिवाला धोका पोहोचविणारी असेल, तर मौन हाही गुन्ह्यात सहभाग ठरू शकतो. आणि ती वरिष्ठाचीच असेल, तर कोणाला सांगावयाचे, हे आचारसंहिता सांगू शकत नाही.

ज्याची बाहेर फारशी चर्चा होत नाही असा एक प्रसंग या पेशातील बहुतेकांच्या वाट्याला येतो. एखाद्याला कामावरून कमी करावयाचे ठरले, की त्याचे खाते अमुक वाजता बंद करावे, अशी सूचना प्रशासकाला आधी मिळते. सूचना गुप्त असते. ज्याच्याविषयी ती आहे, तो कदाचित शेजारच्याच मेजावर बसलेला असतो, दुपारचा डबा दोघे बरोबर खातात व तो नव्या घराच्या कर्जाच्या हप्त्यांविषयी बोलत असतो. सांगितले, तर विश्वासघात होतो व दुखावलेल्या माणसाच्या हातून नुकसान होण्याची शक्यता राहते. न सांगता डबा खाणे हेही सोपे नसते. नियमाच्या दृष्टीने उत्तर उघड आहे व बहुतेक प्रशासक ते पाळतात. ठरलेल्या वेळेच्या एक मिनिटही आधी खाते बंद होऊ न देणे व त्या माणसाची खाजगी छायाचित्रे, पत्रे त्याला परत मिळतील अशी तजवीज करणे एवढे त्यांच्या हाती उरते.

घुसखोर आढळल्यास दार ताबडतोब लावावे, की त्याला नकळत पाहत राहावे, हा पेच क्लिफर्ड स्टोल यांच्या अनुभवामुळे प्रसिद्ध झाला. स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ मध्ये ते संगणकांची व्यवस्था पाहू लागले, तेव्हा वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. तो शोधता शोधता कोणी अनोळखी व्यक्ती प्रशासकाचे अधिकार मिळवून प्रयोगशाळेच्या संगणकातून लष्करी संगणकांकडे जात असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दार लावले असते, तर प्रयोगशाळा सुरक्षित झाली असती. पण तो इतरत्र गेला असता व कोण होता ते कळले नसते. स्टोल यांनी येणाऱ्या दूरध्वनी तारांना मुद्रक जोडून त्याचे प्रत्येक अक्षर टिपले. तो एखादी संवेदनशील संचिका उचलू लागला, की ते आपल्या किल्ल्यांचा जुडगा तारेच्या जोडांवर टेकवीत; तारेवर खरखर निर्माण होई व दोष दूरध्वनी यंत्रणेचा आहे असे घुसखोराला वाटे. महिनोन्‌महिने चाललेल्या या पाळतीनंतर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मिळविलेली माहिती सोव्हिएट गुप्तचर संस्थेला विकली जात असल्याचे उघडकीस आले. स्टोल यांचा निर्णय यशस्वी ठरला म्हणून तो आज योग्य वाटतो. मात्र त्या काळात ज्यांच्या संगणकांत घुसखोर शिरत होता, त्यांतील अनेकांना आपण कोणाच्या तरी प्रयोगाचा भाग आहोत, याची कल्पना नव्हती.

दुरुस्ती बसविण्याच्या बाबतीत घाई व दिरंगाई या दोन्हींची किंमत मोजावी लागते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. १२ मे रोजी त्याच दोषाचा फायदा घेणारी ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर आज्ञावली सु. १५० देशांत पसरली. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेतील सु. १९,००० नियोजित भेटी व उपचार त्यामुळे रद्द झाले, असा अंदाज आहे. दोन महिने दुरुस्ती न बसविणाऱ्यांना तेव्हा दोष देण्यात आला. पण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राला जोडलेला संगणक दुरुस्तीनंतर नीट चालेल, याची हमी कोणी देत नसेल, तर तो बंद ठेवण्याचा धोका कोणी पत्करावा, हा प्रश्न शिल्लक राहतो. याउलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपोआप वितरित केलेल्या एका सदोष संचिकेमुळे सु. ८५ लाख संगणक बंद पडले. संचिका सु. ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, परंतु बंद पडलेला संगणक जालकावरून दुरुस्त करता येत नव्हता. प्रशासकांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती संचिका हाताने पुसावी लागली. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. वेळेवर दुरुस्ती स्वीकारणारेच या वेळी अडचणीत आले होते.

अधिकार आपल्याच हाती ठेवण्याचा मोह हाही या पेशाचा दोष आहे. सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या नगरपालिकेचे जालक उभारणाऱ्या अभियंत्याने जुलै २००८ मध्ये परवलीचे शब्द वरिष्ठांना देण्यास नकार दिला. आपल्याखेरीज कोणालाही ते नीट हाताळता येणार नाही व मागणारे अधिकारी त्यास पात्र नाहीत, अशी त्याची धारणा होती. त्याला अटक झाली आणि अखेर तुरुंगात भेटीस आलेल्या महापौरांनाच त्याने ते सांगितले. या सर्व काळात जालक एक क्षणही बंद पडले नाही, हे विशेष. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. दोषी ठरविणाऱ्या ज्यूरीतील एक सदस्य स्वतः जालक अभियंता होता. कोणत्याही संस्थेत एवढे सर्व ज्ञान एकाच डोक्यात साठू देणे, हा त्या माणसाइतकाच संस्थेचाही अपराध मानला पाहिजे.

नियंत्रण : प्रशासकाच्या सचोटीवर सर्व भार टाकण्याऐवजी त्याच्यावरील विश्वासाची गरजच कमी करावी, या दिशेने उपाय योजले गेले. सु. १९८० मध्ये बफालो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात तयार झालेल्या ‘सुडू’ या आज्ञावलीमुळे संपूर्ण अधिकार न देता ठराविक आज्ञांपुरतेच अधिकार देता येतात व प्रत्येक वापराची नोंद राहते. ती प्रथम वापरणाऱ्याला इतरांचा खाजगीपणा जपण्याची व आज्ञा टंकण्यापूर्वी विचार करण्याची सूचना पडद्यावर दिसते. महत्त्वाच्या नोंदी प्रशासकाला पुसता येणार नाहीत अशा वेगळ्या संगणकावर पाठविणे, मुख्य परवलीचा शब्द मोहोरबंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवणे, संवेदनशील कृतीसाठी दोघांची संमती आवश्यक करणे हे अन्य मार्ग होत. एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे उघड केली. कंत्राटदारामार्फत काम करणारे प्रणाली प्रशासक या नात्याने ती त्यांना उपलब्ध झाली होती. त्यानंतर त्या संस्थेने दोन व्यक्तींच्या संमतीचा नियम लागू केला व सु. १,००० प्रशासकांपैकी ९० टक्के कमी करून त्यांचे काम यंत्राकडून करवून घेण्याचा मनोदय जाहीर केला. स्नोडेन यांच्या कृत्याविषयी तीव्र मतभेद आहेत. परंतु जगातील सर्वांत गुप्त संस्थेलाही आपल्या प्रशासकांपासून संरक्षणाची व्यवस्था नव्हती, ही गोष्ट त्यातून निर्विवाद सिद्ध झाली.

भारतातील स्थिती : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात प्रवेश करणे, माहिती काढून घेणे वा तिची हानी करणे यांबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागते. यातील प्रभारी व्यक्ती म्हणजे पुष्कळदा प्रशासकच असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या गैरवापराला हे कलम कितपत लागू पडते, हे त्याला कोणती कामे लेखी सोपविली होती, यावर अवलंबून राहते. २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ७२ अ अन्वये सेवेच्या करारामुळे हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरहेतूने उघड केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार विशिष्ट प्रकारच्या सुरक्षा घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळविणे व प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक झाले. घटना लपवावी, असे वाटणारा वरिष्ठ आणि सहा तासांची मुदत यांच्यामध्ये उभे राहण्याचा एक नवा पेच त्यातून निर्माण झाला आहे. मात्र या नियमामुळे प्रशासकाच्या बाजूला कायद्याचा आधारही आला, हे मान्य करावयास हवे.

मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद व चेन्नई येथील अनेक कंपन्या परदेशांतील संस्थांच्या प्रणालींची देखरेख येथून करतात; तेथील दिवसाशी मेळ घालण्यासाठी त्यांचे कर्मचारी रात्रपाळी करतात. ज्यांची माहिती ते सांभाळतात, त्या लोकांना त्यांनी कधी पाहिलेले नसते. दुसऱ्या टोकाला तालुक्याच्या गावची पतसंस्था, महाविद्यालय वा रुग्णालय असते. तेथे संगणकाची थोडी आवड असलेला लिपिक किंवा प्रयोगशाळा साहाय्यकच प्रशासक बनतो, त्याच्या नेमणूकपत्रात या कामाचा उल्लेख नसतो व सर्वांचे परवलीचे शब्द त्याच्या खणातील वहीत असतात. आचारसंहिता, लेखी आदेश, दुहेरी संमती या गोष्टींची खरी निकड तेथेच आहे.

बदलते स्वरूप : १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी लिहिलेल्या ‘सीएफएंजिन’ या आज्ञावलीपासून अनेक संगणकांची मांडणी एकाच लिखित वर्णनावरून आपोआप करून घेण्याची पद्धत सुरू झाली. २००६ नंतर भाड्याने मिळणाऱ्या दूरस्थ संगणकांचा, म्हणजे ‘क्लाउड’चा, प्रसार झाला व यंत्राला प्रत्यक्ष हात लावण्याचे काम मोठ्या माहिती-केंद्रांकडे गेले, नवी मुंबई परिसरात अशी अनेक केंद्रे आहेत. शंभर संगणकांसाठी लागणारा वेळ आता दहा हजारांसाठी पुरतो. चुकीच्या व्याप्तीतही तेवढीच वाढ झाली. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉन कंपनीच्या साठवण सेवेत थोडेसेच सर्व्हर बाजूला काढण्यासाठी दिलेल्या आज्ञेत एक शब्द चुकीचा टंकला गेला. हेतूपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बाजूला झाले व तिच्यावर विसंबून असलेल्या असंख्य सेवा सु. चार तास विस्कळीत झाल्या. त्यानंतर त्या आज्ञेची गती कमी करण्यात आली आणि किमान क्षमतेच्या खाली जाता येणार नाही, अशी मर्यादा तिला घालण्यात आली.

या बदलांबरोबर ‘प्रणाली प्रशासक’ हे पदनामही मोठ्या कंपन्यांतून मागे पडत गेले व त्याच्या जागी विश्वसनीयता अभियंता, क्लाउड अभियंता अशी नावे आली. १९८७ च्या कार्यशाळेतून वाढलेली ‘लिसा’ ही प्रशासकांची परिषद २०२१ मध्ये अखेरची भरली. रात्रीच्या पाळीचा दूरध्वनी मात्र नव्या नावाच्या माणसांकडेही असतो, आणि रूट खात्याचा क्रमांक अजून शून्यच आहे.